साठ अक्षरं आणि वरीलप्रमाणे

मी एका ईमेलचा विषय मराठीत लिहिला. माझी चूक एवढीच. त्यानंतर आमच्या गावात जे झालं, त्यात एक जीप अडवली गेली, चेअरमन सहादेव अण्णांचे केस अर्धेच काळे झाले आणि दुपारी अडीच वाजता माझ्या पप्पांची नोकरी राहते की जाते अशी वेळ आली. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे. (तोंडी सांगायला मला जमत नाही. मी शक्यतो मान हलवते. त्यात चुका कमी होतात.)

माझे पप्पा, मोझेस साळवे, आमच्या खैरदरा गावच्या दूध संस्थेचे तात्पुरते सचिव आहेत. तात्पुरते होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. यंदा संस्थेनं बल्क कूलरसाठी, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीसाठी, अर्ज करायचं ठरवलं. जामखेडकडचा उन्हाळा असा, की टेम्पो यायला तासभर उशीर झाला तर दूध वाटेतच नासतं. अण्णा पप्पांना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मोझेस, कूलर आला तर तुझी कायमची ऑर्डर पक्की. न्हाई आला, तर मला दुसरा मानूस बघावा लागंल. वाईट वाटून घिऊ नको."

पप्पांनी वाईट वाटून घेतलं, पण घरी येऊन.

अर्ज मी टाइप केला. पप्पा कुठलाही मेल पाठवताना विषयाच्या जागी इंग्रजीत 'लेटर' एवढाच शब्द लिहितात. मला वाटलं, आतला अर्ज मराठीत आणि वर लेटर, हे बरं दिसत नाही. मी लिहिलं: बल्क कूलरसाठी अर्ज.

"जाईल का मराठीत?" पप्पांनी विचारलं.

मी मान हलवली.

तो गेलाही. पंचाईत उत्तराची झाली. आपण मराठीत लिहिल्यावर समोरची माणसंही मराठीतच उत्तर देतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. ईमेलच्या आत पत्र असतं आणि वर मथळा असतो. त्या मथळ्यात पत्ता आणि विषय येतो. हा मथळा कसा असावा हे ठरलं, त्या काळी त्यातून फक्त साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं जाऊ शकत होती. मराठीला तिथे जागा नव्हती. म्हणून आजही मराठी विषय पाठवताना त्याची इंग्रजी अक्षरांत गाठोडी बांधतात. गाठोड्याच्या सुरुवातीला आत काय आहे त्याची चिठ्ठी असते, आणि पलीकडचा कॉम्प्युटर ती वाचून गाठोडं सोडतो. लांब विषय एका गाठोड्यात मावत नाही. मग दुसरं बांधतात आणि त्यालाही तीच चिठ्ठी लावतात. संस्थेचा कॉम्प्युटर आधीच्या सचिवांच्याही आधीचा आहे. तो गाठोडी बांधतो, पण आलेली सोडत नाही. जशी आली तशी दाखवतो.

हे मला शाळेच्या कॉम्प्युटर रूममधल्या एका जुन्या पुस्तकातून कळलं होतं. त्यातले दोन तक्ते मी वहीत उतरवून घेतले होते. (मला तक्ते आवडतात. ते उलट प्रश्न विचारत नाहीत.)

त्यातच आमच्या गावाला ठराव करायची सवय. हिवरे बाजारच्या ग्रामसभेचं नाव झाल्यापासून आमच्याकडेही प्रत्येक गोष्टीचा ठराव होतो. बोअरचा झाला, शेळ्यांचा झाला, डीजेचा झाला. एप्रिलमध्ये सायबरवाले साहेब येऊन गेले. ते म्हणाले, विचित्र अक्षरांचा मेल आला तर उघडू नका, लगेच उडवा, कचरापेटीतूनही उडवा. दुसऱ्याच दिवशी ठराव झाला: असा मेल रजिस्टरला नोंद करून उडवावा.

मेच्या सुट्टीतल्या एका सोमवारी पहिला मेल आला. पप्पांनी तो उडवला. नोंद करायची राहिली, म्हणून अण्णांनी त्यांना चारचौघांत ऐकवलं. बुधवारी सकाळी सव्वानऊला दुसरा आला. तो पप्पांनी आधी आवक रजिस्टरला चढवला आणि मग उडवला.

मी साडेनऊला पप्पांचा डबा घेऊन डेअरीत गेले. टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि त्यावर अण्णा आणि बजरंग नाना वाकले होते. नाना फौजेत सिग्नलला होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण गावात मोबाईलची रेंज गेली तरी लोक त्यांनाच विचारतात.

"हे बगा," नाना रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "फोर के एस. परत फोर के एस. परत फोर के एस. हा त्यांच्या तळाचा नंबर."

"कुनाच्या तळाचा?" अण्णांनी विचारलं.

"ते कळलं आस्तं तर कोड कशाला म्हनला आस्ता?"

मी डबा ठेवता ठेवता वाचलं. विषयाच्या रकान्यात पप्पांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: =?UTF-8?B?4KSq4KSl4KSVIOCk... आणि पुढे अशाच चार ओळी. माझ्या हातातलं ताकाचं झाकण खाली पडलं. फोर के एस हा कुणाचा तळ नव्हता. एका घरातल्या सगळ्यांचं आडनाव एक असावं, तशी बहुतेक मराठी अक्षरं गाठोड्यात याच तीन खुणांनी सुरू होतात.

मी पप्पांच्या कानाशी गेले. "पप्पा, हे कूलरच्या ऑफिसचं असेल."

"परत म्हण."

"त्यांचं उत्तर. मराठीत आहे, म्हणून असं दिसतंय."

पप्पांनी हातातला पेन टोपण न लावता खिशात ठेवला. शर्टावर निळा ठिपका हळूहळू मोठा होत गेला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "आणि सोमवारचं?"

मी मान हलवली.

"काय म्हनती पोरगी?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही अण्णा. डबा खाऊन घ्या म्हणते." मग आवाज खाली आणून ते मला म्हणाले, "तुला हे सोडवता येईल? सोमवारचं गेलं ते गेलं. पण हे काय आहे ते तरी कळू दे. तोवर कुणाला बोलू नकोस." (हे मला सांगायची गरज नव्हती.)

मोबाईल मम्मीबरोबर अंगणवाडीत गेला होता. पप्पांचा फोन बटणांचा. मी घरी पळत जाऊन तक्त्यांची वही आणली आणि दुधाच्या कॅनच्या मागे, दुधातलं फॅट मोजायच्या मशीनच्या खोक्यावर बसले. रजिस्टर डेअरीबाहेर न्यायचं नाही, असाही एक ठराव आहे.

काम किचकट होतं. एकेका अक्षराचा आकडा शोधायचा, त्या आकड्याचे सहा शून्य-एक लिहायचे, चार अक्षरांचे चोवीस झाले की त्यांचे आठ-आठचे तीन तुकडे करायचे. तेव्हा कुठे एक मराठी खूण हाती लागते. काना वेगळा, वेलांटी वेगळी. साडेदहाला माझ्याकडे 'पथक' एवढा शब्द होता. पप्पा दर पाच मिनिटांनी झाडू घेऊन कॅनच्या मागे येत होते. त्या दिवशी तो कोपरा गावातला सर्वांत स्वच्छ कोपरा असेल.

"पथक म्हणजे कूलर देण्याआधीच्या तपासणीचं," ते पुटपुटले. "कधी?"

मी बोटानं थांबा म्हटलं. तिकडे अण्णा आणि नाना फाटकावर पहारा बसवायचं ठरवत होते.

"आज मेल आलाय, उद्या मानूस यील," नाना म्हणाले. "वळखीशिवाय एक जन आत सोडायचा न्हाई."

साडेबारा वाजता साठच्या साठ अक्षरं संपली. माझ्या वहीत उभं राहिलं: पथक उद्या सकाळी य

आणि पुढे काही नव्हतं. गाठोडं काठोकाठ भरलेलं होतं. म्हणजे त्यामागे दुसरं असणार. मी रजिस्टर पुन्हा पाहिलं. साठ अक्षरांच्या खाली, रकान्याच्या तळाला, पप्पांनी लिहिलं होतं: वरीलप्रमाणे.

"पप्पा, इथं अजून काही होतं?"

"होतं की. पण पुढं परत तेच सुरू झालं. इक्वल, क्वेश्चन मार्क, यूटीएफ. म्हणून वरीलप्रमाणे लिहिलं. रजिस्टरला तीच पद्धत आहे."

चिठ्ठी तीच होती, गाठोडं वेगळं होतं. पण अण्णा आमच्याकडे यायला लागले होते आणि त्यांच्यासमोर माझा आवाज फुटत नाही. म्हणून मी एका कागदावर लिहिलं, 'पथक उद्या सकाळी य...' आणि कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात, 'पुढचा भाग रजिस्टरला नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.' कागद पप्पांच्या हातात दिला.

पप्पांनी 'कूलरच्या ऑफिसचा मेल' म्हणत पुढची बाजू मोठ्यानं वाचली. मागची बाजू कुणी वाचली नाही.

"य म्हंजे येनार," अण्णा म्हणाले. "दुसरं काय आसनार? मोझेस, पथक उद्या सकाळी येनार. आनि डेअरीची ही दशा."

मी कागद उलटा करा, असं हातानं दाखवलं. अण्णांना वाटलं मी त्यांना टाटा करते आहे. त्यांनीही हात हलवला आणि ते बाहेर पडले.

पुढच्या दोन तासांत जे झालं त्याला तयारी म्हणतात. बावीस कॅन अंगणात उलटे झाले. फरशीवर सोडा आणि गरम पाणी आलं. सॅम्पलच्या बाटल्या पातेल्यात उकळायला गेल्या. फॅट मशीन चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. पप्पा शिडीवर चढून भिंतीला चुना लावू लागले. अण्णा केस काळे करून घ्यायला घरी गेले. नाना मात्र फाटकावरच उभे राहिले. "पोरगी म्हनती ते खरं आसंल," ते म्हणाले, "पन कोड हाय तर कोडवालाबी आसनार."

मी कॅन घासत होते आणि मनात त्या एका 'य'चं काय काय होऊ शकतं ते मोजत होते. येणार. येणार नाही. येईलच असं नाही. यावं असं वाटत नाही.

अडीच वाजता जीप आली.

"थांबा," नानांनी काठी आडवी धरली. "परवलीचा शब्द?"

"कसला शब्द?" ड्रायव्हर म्हणाला. "डेअरीची तपासणी आहे."

"तपासनी उद्या हाय. आज आलाय म्हंजे तुमीच ते."

"कोण ते?"

"फोर के एसवाले."

जीपमधून एक मॅडम उतरल्या. त्यांच्या ओळखपत्रावर रुपाली असं नाव होतं आणि चेहऱ्यावर दोन तासांच्या रस्त्याची धूळ. "आजोबा, आम्ही ऑफिसातून आलोय. बाजूला व्हा."

"वळखपत्र कुनीबी छापतंय. शब्द सांगा."

"मग आम्ही परत जातो," मॅडम म्हणाल्या. "तसा रिपोर्ट लिहिते." त्यांनी जीपच्या दारावर हात ठेवला.

पप्पा शिडीवर होते, चुन्याच्या बादलीसकट. त्यांना उतरायला वेळ लागला असता. अण्णा घरी होते. मी पळत फाटकाशी गेले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"काय गं?" मॅडम म्हणाल्या.

"मेलचा विषय," मी म्हटलं. "पथक उद्या सकाळी य. त्याच्या पुढं काय होतं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे, मग काठीकडे. "येण्याऐवजी आजच दुपारी येत आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "मीच टाइप केलंय."

नानांनी काठी खाली घेतली, टाच टाचेला लावली आणि कडक सलाम ठोकला. "अर्धा शब्द आमच्याकडं, अर्धा तुमच्याकडं. ह्याला म्हंत्यात सिग्नल. जाऊ द्या जीप."

जीप आत गेली, पण आत बघण्यासारखं काही नव्हतं. फरशी ओली होती आणि भिंत निम्मी पांढरी. मॅडमनी मशीन विचारलं, पप्पांनी चादर सोडली. बाटल्या विचारल्या, पप्पांनी पातेलं दाखवलं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून अण्णा गळ्यात टॉवेल अडकवून पळत आले. एका बाजूचे केस काळे, दुसऱ्या बाजूचे पांढरे आणि कानामागून एक काळा ओघळ.

"आम्ही दोनदा कळवलं होतं," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी आणि आज सकाळी."

अण्णांनी पप्पांकडे बघितलं. "मोझेस. सोमवारचं मेलबी ह्यांचंच व्हतं?"

पप्पांना खोटं बोलता आलं असतं. लाइट नव्हती म्हणून उघडता आले नाहीत म्हणाले असते, तरी मॅडमना ते पटलं असतं. "ह्यांचाच होता," ते म्हणाले. "दोन्ही मी न उघडता उडवले. ठरावाप्रमाणे."

काळा ओघळ अण्णांच्या कॉलरपर्यंत पोचला.

"कूलर आला की रोजचं तापमान, वेळ, फॅट, सगळं एकाच माणसानं लिहायचं असतं," मॅडम म्हणाल्या. "त्यावर शेकडो लिटर दूध अवलंबून असतं. आलेलं पत्र न वाचता उडवणाऱ्या सचिवावर मी हे कसं सोडू?"

अण्णांनी मान खाली घातली. पुढचं वाक्य ते काय बोलणार ते मला माहीत होतं. दुसरा माणूस बघावा लागेल. पप्पा खिशावरचा निळा डाग हातानं झाकून उभे होते.

"त्यात एकही चूक नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मॅडम वळल्या. "कशात?"

मी रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं. "हे पप्पांनी पडद्यावर बघून हातानं उतरवलंय. साठ अक्षरं. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. एक जरी अक्षर गळलं असतं तर पुढचं सगळं बिघडलं असतं, आणि मला वाचता आलं नसतं. स्मॉल एल आणि कॅपिटल आय सारखे दिसतात, म्हणून त्यांनी एलला खाली शेपटी काढली आहे. दूधही ते असंच लिहितात." (माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण. नंतर मला घोटभर पाणी प्यावं लागलं.)

मॅडम एका उलट्या कॅनवर बसल्या. त्यांनी ती नोंद पाहिली. मग पानं मागे उलटली, मग दुधाच्या वह्या मागितल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. आकडा चुकला असेल तिथे पप्पांनी खाडाखोड केली नव्हती. एक रेघ मारून शेजारी सही केली होती. असा अर्धा तास गेला. नाना दारात सावधानमध्ये उभे होते.

शेवटी मॅडमचं बोट 'वरीलप्रमाणे'वर थांबलं. "हे काय?"

"पुढं परत तेच सुरू झालं, म्हणून," पप्पा म्हणाले.

मॅडमच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आमच्याकडंही हीच पद्धत आहे. तुमच्या अर्जाचा विषय आमच्या क्लार्कनं रजिस्टरला 'वाचता येत नाही' असा लिहिलाय. मी आतला अर्ज वाचला म्हणून कळलं." त्या उठल्या आणि त्यांनी साडी झटकली. "दिखाव्यासाठी सजवलेल्या डेअऱ्या मी रोज बघते. खरोखर घासली जाणारी आज पाहिली. रिपोर्ट चांगला जाईल. पण साळवे, मेल उघडत जा."

जूनमध्ये कूलर आला. त्याआधी पप्पांची ऑर्डर आली, तीही मराठीत आणि कागदावर. अण्णांनी दुसऱ्या बाजूचे केस काळे करून घेतले.

ग्रामसभेनं अर्थातच ठराव केला: यापुढे असा कोणताही मेल उडवू नये, रजिस्टरला पूर्ण उतरवावा, 'वरीलप्रमाणे' लिहू नये, आणि कु. आराधना मोझेस साळवे हिच्याकडून सोडवून घ्यावा; त्यासाठी रजिस्टर डेअरीबाहेर नेण्यास हरकत नाही. नानांनी त्यात सुधारणा सुचवली, की पोरीला तीन तासांचा एकांत द्यावा, फौजेत असंच असतं. ती एकमतानं मंजूर झाली.

त्या संध्याकाळी मी वहीत नवे तक्ते आखत बसले होते. मम्मी भाकरी थापत होती. पिठाच्या बोटानं मोबाईल माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "आराधना, ह्या पाकिटाच्या चित्रावरचा लाल आकडा काढ बरं. दिवाळीपासून वाढतोच आहे. साहेबांनी सांगितल्यापासून मी त्याला हात लावत नाही."

मी पाकीट उघडलं. संस्थेचे सगळे मेल तिथे होते. डेअरीचा जुना कॉम्प्युटर मेलची नक्कल उतरवून घ्यायचा आणि पप्पा ती नक्कल उडवायचे. मूळ मेल जागच्या जागी होता. सोमवारचाही होता. आणि बुधवारचा, सव्वानऊचा, सरळ मराठीत: पथक उद्या सकाळी येण्याऐवजी आजच दुपारी येत आहे.

"हे खातं इथं कुणी टाकलं?" मी विचारलं.

"दिवाळीत तूच टाकलंस. पप्पांना कुठूनही मेल बघता येतील म्हणालीस. मग त्यांना सांगितलं नाहीस का?"

सांगणार होते. घरात पाहुणे होते, म्हणून लाजले.

मम्मीनं हे कुणालाही सांगितलेलं नाही. तशा अक्षरांचा मेल आला की रजिस्टर मानानं आमच्या घरी येतं. नाना स्वतः घेऊन येतात आणि तीन तास ओट्यावर पहारा देतात. मी आतल्या खोलीत जाते आणि मोबाईलवर दोन सेकंदांत विषय वाचते. मग मम्मी दार लावून घेते आणि हळू आवाजात म्हणते, "तीन तास मोकळीच आहेस ना? भांडी घासून घे. आवाज करू नकोस, बाहेर नाना बसलेत."